आमच्याकडे, आपल्याकडे

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते. आजी मागच्या ओसरीत केळफूल साफ करत बसली होती. एकेक जांभळं पान उलगडायचं, आतली फुलांची ओळ सोडवायची, मग प्रत्येक फुलातली ती न शिजणारी काडी आणि बुडाशी असलेला पारदर्शक पापुद्रा चिमटीत धरून उपटायचा. बोटं काळी पडू नयेत म्हणून तिने हाताला तेल लावलं होतं, तरी नखांच्या कडा काळ्या झाल्याच होत्या. मी समोर बसले आणि थोडी फुलं माझ्याकडे ओढून घेतली. "कमयाची भाजी करते तुझ्यासाठी," ती म्हणाली.

पुण्यात भाषाविज्ञानाच्या एम.ए.चं माझं पहिलं सत्र सुरू होऊन तीन-चार महिने झाले होते. ध्वनिविज्ञानाच्या तासांनी कान तयार होत होते. त्या शब्दापाशी माझा हात थांबला. "आजी, परत म्हण ना. कमय?" मला खरोखर फक्त ऐकायचं होतं. आजीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फुलांत लक्ष घातलं आणि म्हणाली, "आमच्याकडे असंच म्हनतात."

आमच्याकडे. ज्या ओसरीत मी रांगले तिथे बसून माझी आजी मला 'आमच्याकडे' म्हणाली. मराठी माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. 'आपल्याकडे' म्हटलं की ऐकणारा घरात असतो, 'आमच्याकडे' म्हटलं की तो उंबऱ्याच्या बाहेर. मी भाजी जेवले, छान झाली म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि रात्री बराच वेळ तो एक शब्द डोक्यातून जाईना.

आमचं गाव रावेर तालुक्यात. सातपुड्याचा पायथा, तापीचं खोरं, जिकडे पाहावं तिकडे केळी. आमच्या भागातल्या बोलीत ळ नाही, त्याच्या जागी य येतो. डोळा म्हणजे डोया, सकाळ म्हणजे सकाय, डाळ म्हणजे डाय, आणि ज्या पिकावर सगळं गाव जगतं ती केळी म्हणजे केयी. केळफुलाला आमच्या भागात कमळ म्हणतात, म्हणून आजीच्या तोंडी ते कमय. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतलं 'वढाय' मन सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे ओढाळ. सुरुवातीच्या ओ चा व झाला आणि शेवटच्या ळ चा य.

शाळेत मात्र याच य वरून मी रडले आहे. पाचवीत असताना एका बाईंनी मला उभं करून 'कमळ' म्हणायला लावलं होतं. माझ्या तोंडून 'कमय' आलं. पुन्हा म्हण. पुन्हा कमय. वर्ग हसत होता, आणि हसणाऱ्यांतली निम्मी मुलं घरी गेल्यावर कमयच म्हणणार होती. त्या संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहून जीभ मागे वळवून ळ, ळ, ळ करत राहिले. आठवड्याभरात जमलं. जमलं ते इतकं पक्कं की पुढे घरीही मी डोळा म्हणू लागले आणि आईबाबांना त्याचं कौतुक वाटलं. त्याच शाळेत बहिणाबाईंची कविता आम्हाला पाठ होती आणि ती म्हणताना 'वढाय'ला कुणी हरकत घेत नव्हतं. पुस्तकात छापलेली बोली गोड होती, आमच्या तोंडातली अशुद्ध होती. हे मला तेव्हा खुपलं होतं, पण ते मांडायला माझ्याकडे शब्द नव्हते.

शब्द मिळवायला मी येरवड्याला आले, असं आता वाटतं. तेव्हा तसं काही ठरवलं नव्हतं. मराठी घेऊन बी.ए. केलं होतं, भाषाविज्ञानाचा एक पेपर आवडला होता, डेक्कन कॉलेजात एम.ए. करता येतं असं कळलं, आणि आले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था, टिळक-आगरकर जिथे शिकले ती. दगडी इमारत, कमानी, मोठाली झाडं. शिकवणं इंग्रजीत. पहिल्या दोन आठवड्यांत माझ्या कानावर जेवढे नवे शब्द पडले तेवढे त्याआधीच्या दोन वर्षांत पडले नसतील. फोनीम, ॲलोफोन, मॉर्फीम, ॲस्पिरेटेड, रिट्रोफ्लेक्स. मी वहीच्या मागच्या पानांवर ते उतरवून घ्यायचे आणि रात्री वसतिगृहात त्यांचे मराठी प्रतिशब्द शोधायचे. तिथे आणखी गुंता. फोनीमला स्वनिम हे एकदाचं कळलं, पण मॉर्फीमला, म्हणजे शब्दातल्या सगळ्यात लहान अर्थपूर्ण तुकड्याला, एका पुस्तकात रूपिम, दुसऱ्यात रूपिका, तिसऱ्यात पदिम. मी तिन्ही लिहून ठेवले आणि तिन्ही माझ्यासाठी सारखेच परके होते.

हे कोडं सोडवलं ते एका भेटीने. कॉलेजात संस्कृत शब्दकोशाचं काम चालतं, ते पाहायला आम्हाला नेलं होतं. १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी सुरू केलेलं हे काम. सुमारे पंधराशे ग्रंथ वाचून काढून जवळपास १ कोटी चिठ्ठ्या तयार केलेल्या आहेत. खंडामागून खंड छापून झाले तरी कोश अजून 'अ' या अक्षरातच आहे. कपाटांच्या रांगांमधून चालताना मला दडपण येईल असं वाटलं होतं, झालं उलटंच. एक खण ओढून दाखवला तेव्हा पाहिलं, चिठ्ठीवर नुसता शब्द नसतो. तो कुठल्या ग्रंथात, कुठल्या वाक्यात आला ते त्याच्यासोबत लिहिलेलं असतं. वाक्यावाचून आलेल्या शब्दाला तिथे जागाच नाही. मी वसतिगृहात परतले आणि वहीतली ती मागची पानं फाडून टाकली. नवी वही केली. डाव्या बाजूला संज्ञा, उजव्या बाजूला अर्थ नाही, घरातलं एक वाक्य. जोपर्यंत आमच्या घरातलं, शेतातलं, बसस्टँडवरचं वाक्य सापडत नाही तोपर्यंत ती संज्ञा मला आली असं म्हणायचं नाही.

मग गोष्टी भराभर उघडू लागल्या. स्वनिम म्हणजे जो बदलला की अर्थ बदलतो असा ध्वनी. त्याच्यासमोर लिहिलं: 'चार गुरं चार.' पहिला 'चार' आकड्यातला, जीभ टाळूला लागते. शेवटचा 'चार' चाऱ्यातला, जीभ दातांमागे लागते. लिहिताना अक्षर एकच, पण ध्वनी दोन आहेत आणि त्या दोन ध्वनींनी अर्थ बदलतो. जन्मापासून हे दोन च मी न चुकता वापरत आले होते आणि ते दोन आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विभक्तीच्या तासाला कळलं की गावाकडे कानावर येणारं 'म्या सांगितलं' हे अडाणीपणाचं लक्षण नाही. 'म्यां' ज्ञानेश्वरीत जागोजागी आहे. प्रमाण मराठीने ते टाकलं, गावांनी सांभाळलं.

आणि ळ. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत, 'अग्निमीळे'मध्ये, ळ आहे. पुढच्या अभिजात संस्कृतात तो उरला नाही, संस्कृतचे वर्ण मांडणाऱ्या पाणिनीच्या माहेश्वर सूत्रांतही त्याला जागा नाही. प्रमाण हिंदीत नाही, मराठी-गुजरातीत आहे. म्हणजे हा ध्वनी भाषांच्या इतिहासात येत-जात राहिलेला आहे. कुठे आला, कुठे गेला, त्याचं कुणी पाप-पुण्य मांडत नाही. आमच्या तापीकाठी तो गेला, एवढंच.

पहिल्या सत्रात मी एक छोटा निबंध लिहिला होता, आमच्या बोलीतल्या उच्चारांवर. इंग्रजीत पहिल्यांदाच काही लिहिलं होतं, नव्याने शिकलेल्या झाडून साऱ्या संज्ञा त्यात घातल्या होत्या. मॅडमनी तो परत दिला तेव्हा त्या संज्ञांवर एकही खूण नव्हती. एकाच शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला होता. मी लिहिलं होतं की आमच्याकडे ळ चा 'करप्ट' उच्चार होतो. गोलाशेजारी प्रश्नचिन्ह, बाकी काही नाही. मी तो कागद हातात धरून कॅन्टीनच्या पायरीवर बसले. पाचवीतल्या बाईंचा शब्द मी माझ्या हाताने, माझ्या आजीबद्दल, इंग्रजीत करून लिहिला होता. मला वाटत होतं माझा शब्दसंग्रह वाढतोय. त्यातून काय काढून टाकायचं आहे याचा विचारच मी केला नव्हता. अशुद्ध, गावंढळ, अपभ्रष्ट, चुकीचा उच्चार. हे शब्द माझ्या वहीत कधी लिहिलेले नव्हते, तरी ते माझ्यात होते. नवा शब्द शिकायला एक रात्र पुरते. हे जुने काढायला मला वर्ष लागलं, आणि अजूनही एखादा जिभेवर येतो.

ऐतिहासिक भाषाविज्ञानात नवव्याकरणकारांचं मत शिकलो. १८७८ साली ओस्टहोफ आणि ब्रुगमान या जर्मन अभ्यासकांनी ठामपणे मांडलं की ध्वनिनियमांना, म्हणजे भाषेत एक ध्वनी बदलून दुसरा होण्याच्या नियमांना, अपवाद नसतात. आज कुणी ते इतक्या कडकपणे मानत नाही, पण मी त्या रात्री आजीचे ळ चे जेवढे शब्द आठवतील तेवढे लिहून काढले. केयी, काया, शाया, तयहात, वादय, बाय, गया. साठाच्या पुढे गेले. प्रत्येक ठिकाणी य. माझ्या आजीने आयुष्यात एकदाही नियम मोडला नव्हता. या नियमापायी तिची गळ्यातली माळ आणि जन्म देणारी माय हे दोन शब्द एक होऊन बसले आहेत. 'गयात माय घाल' असं ती म्हणते आणि घरातल्या कुणाचाही कधी घोटाळा होत नाही. विलीनीकरण, म्हणजे दोन ध्वनी मिसळून एक होणं, या संज्ञेसमोर वहीत हेच वाक्य आहे. मला वाटतं, त्या वहीतलं ते सगळ्यात सुंदर पान आहे.

जानेवारीत दुसऱ्या सत्रात एक तास झाला, तो मी विसरणार नाही. सरांनी आल्या आल्या प्रत्येकाला विचारलं, तुमच्या भाषेत 'आम्ही' कसं म्हणता? केरळच्या मैत्रिणीने विचारलं, कुठला 'आम्ही'? ऐकणाऱ्याला धरून की सोडून? तिने फळ्यावर दोन शब्द लिहिले, ञङ्ङळ आणि नम्मळ. तेलुगू मुलाने मेमु आणि मनमु लिहिलं. हिंदी बोलणारा वर्गमित्र म्हणाला, आमच्यात एकच, हम. माझी पाळी आली तेव्हा मी उठून आम्ही आणि आपण लिहिलं. सर सांगू लागले की हा भेद द्राविडी भाषांत जुना आहे, मराठी-गुजरातीतही तो आहे, शेजारी राहता राहता भाषा एकमेकींकडून अशा गोष्टी घेतात. एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी १९५६ साली लिहिलेल्या लेखात भारत हाच एक भाषिक प्रदेश असल्याची कल्पना मांडली ती अशाच पुराव्यांवर. या भेदाला क्लुसिव्हिटी म्हणतात. आपण समावेशक, आम्ही असमावेशक.

वर्गात सगळे लिहून घेत होते. मला मात्र आजीच्या तेलकट बोटांतली ती फुलं दिसत होती. दिवाळीपासून जे टोचत होतं त्याला आता नाव होतं, आणि नाव मिळाल्याने ते कमी झालं नाही. उलट नीट दिसलं. आजीने रागावून काही म्हटलं नव्हतं. तिने फक्त सर्वनाम बदललं होतं. सहावीपासून घरात डोळा-डोळा करणारी मी, आता पुण्याहून येऊन तिच्या तोंडचा शब्द परत म्हणायला लावणारी मी. पाचवीतल्या त्या बाईंनी मला म्हणायला लावलं होतं अगदी तसंच. तिने मला उंबऱ्याबाहेर ठेवलं नव्हतं. मीच बाहेर जाऊन उभी राहिले होते आणि तिने जे दिसलं ते व्याकरणात बरोबर सांगितलं होतं.

मे महिन्यात क्षेत्रकार्यासाठी बोलीचं ध्वनिमुद्रण करायचं होतं. मी दुसरं गाव शोधलं नाही, घरीच गेले. सोबत रेकॉर्डर आणि मॉरिस स्वाडेश यांच्या मूलभूत शब्दांच्या यादीवरून केलेली आमची यादी. डोळा, कान, पाणी, रात्र, काळा. आजीला सांगितलं, तुझं बोलणं मला माझ्या अभ्यासासाठी हवं आहे. ती आत गेली आणि ठेवणीतली साडी नेसून आली. पाटावर ताठ बसली. मी स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "याला काय म्हणतेस?"

आजी क्षणभर थांबली. मग जीभ वळवून, जपून, तिने उच्चारलं, "डोळा."

ऐंशीच्या घरातल्या बाईने माझ्यासाठी ळ काढला होता. पुढचा शब्द, "काळा." पुढचा, "केळ." मी रेकॉर्डर बंद केला. "आजी, तू नेहमी म्हणतेस तसं म्हण ना." ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "ते नको लिहू पुस्तकात. ते आमचं जुन्या बायांचं. तुले तिथी नाव ठेवतीन."

लबाव या अमेरिकी अभ्यासकाने याला नाव दिलेलं आहे, निरीक्षकाचा विरोधाभास. माणसं कुणी ऐकत नसताना कशी बोलतात ते आम्हाला ऐकायचं असतं, आणि ऐकायला तर आम्ही समोर बसलेलो असतो. परीक्षेत मी यावर दीड पान लिहिलं होतं. त्या पाटासमोर बसेपर्यंत मला हे माहीत नव्हतं की त्या विरोधाभासाच्या मुळाशी एक म्हातारं माणूस आपल्या नातीची लाज राखत बसलेलं असू शकतं.

यादी मी बाजूला ठेवली. दोन दिवस रेकॉर्डर बाहेर काढलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिला म्हटलं, मला केळीचं सांग. मी शेतकऱ्याच्या घरची असून मला नीट येत नाही. हे खरंच होतं. आजीने मृगबाग आणि कांदेबाग यातला फरक सांगितला, पावसाळ्याच्या तोंडी लावलेली आणि पावसाळा सरल्यावर लावलेली. पिलबाग कशी ठेवायची, बुडातून फुटलेल्या पिलांतलं कुठलं राखायचं आणि कुठलं कापायचं. केळी निसवते म्हणजे पोग्यातून कमळ बाहेर पडतं, ते खाली झुकतं, मग फण्या उघडतात, आणि शेवटची फणी उघडली की कमळ तोडायचं म्हणजे घडाला जोर मिळतो. निसवणं. हा एक शब्द इंग्रजीत सांगायला मला अख्खं वाक्य लागेल. मी ऐकता ऐकता वहीत लिहीत होते आणि माझ्या लक्षात आलं की शब्दांची रास घेऊन बसलेली मी नव्हे, समोरची बाई आहे. एका विषयात पन्नास वर्षं घातल्यावर माणसाजवळ जमतात तसे शब्द, एकही वायफळ नाही, प्रत्येकाची जागा ठरलेली. तिला परवानगी विचारली, तिने हात हलवून हो म्हटलं, आणि मी रेकॉर्डर दोघींच्या मध्ये ठेवला. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

ती वादळावर आली. आमच्याकडे पावसाच्या आधी वारा सुटतो आणि घडांनी लगडलेल्या बागा आडव्या होतात. मी लहान असताना झालेलं एक वादळ ती सांगत होती. तिन्हीसांजेला सुटलेलं वारं, पत्र्यांचा आवाज, आजोबा शेताकडे निघाले तर तिने हात धरून थांबवलेलं, आणि उजाडल्यावर पाहिलं तर ओळीच्या ओळी झोपलेल्या, हिरवे घड चिखलात. सांगताना तिचा आवाज खाली आला होता. वादय, सकाय, ओयीच्या ओयी. सगळे य आपापल्या जागी परतले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते पाहून ती थांबली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

ते बावीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण घेऊन मी पुण्याला परतले. ते ऐकून लिहून काढणं म्हणजे फार सावकाश चालणारं काम. पहिल्या ओळीत बोलणं जसंच्या तसं, दुसऱ्या ओळीत प्रत्येक रूपिमाखाली त्याचं काम, तिसऱ्या ओळीत अर्थ. एका मिनिटाला एक संध्याकाळ सहज जाते. हेडफोन लावून तेच वाक्य दहादा, पंधरादा ऐकायचं. ऑगस्टच्या एका रात्री, खोलीतली मैत्रीण झोपली होती, बाहेर पाऊस होता, मी अठराव्या मिनिटावर होते. आजोबांना थांबवलं तिथून पुढचं वाक्य. समोर बसून ऐकताना ते माझ्या कानावरून गेलं होतं. परत मागे नेलं, परत ऐकलं. मग पहिली ओळ लिहिली.

'आपली बाग झोपली व माय.'

तिच्या खाली, 'आपली'च्या बरोबर खाली, दुसऱ्या ओळीत लिहिलं: प्रथम पुरुष, अनेकवचन, समावेशक.